८६ ते ८९ : शैलाकडे

अहो, तुमचा कॉम्प्युटर मी चालू केला. ओरडू नका. आधी स्टॅबिलायझर, मग यूपीएस, मग खालचा डबा, मग पडदा, असा तुमचाच क्रम पाळला. हात धुतले, पुसले, वाळवले. कीबोर्डवरचं प्लॅस्टिकचं झाकण घडी घालून उजव्या बाजूला ठेवलं. एवढी शिस्त मी आधी दाखवली असती तर तुम्ही अजून दहा वर्षं जगला असतात, असं तुमच्या ताई तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या, जिलेबी वाढता वाढता. मला फिस्सकन हसू आलं. आपल्या टोकरखाडा वस्तीतल्या समस्त बायका तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत राहिल्या. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात. फक्त चार दिवसांनी, पायात मोजे चढवताना, एकटेच.

दीड महिना झाला. मी रडते, पण भलत्याच वेळी. भाजीवाल्यानं "साहेब दिसत नाहीत हल्ली?" विचारलं तेव्हा व्यवस्थित उत्तर दिलं, वर कोथिंबीर मागून घेतली. परवा पंख्याचा खटका ढिला झाला म्हणून तुमचं हत्यारांचं कपाट उघडलं, बारका स्क्रू-ड्रायव्हर पाहिजे होता, आणि हात घातला त्या जागीच तो होता. तिथे मात्र स्टुलावर बसून घेतलं.

तुम्ही यार्नच्या कारखान्यात अठरा वर्षं स्टोअर सांभाळलंत. लोकांना वाटतं स्टोअरकीपर म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. मला सुरुवातीला तेच वाटलं होतं. मग एकदा तुम्ही मला आत नेऊन दाखवलंत: लोखंडी मांडण्या, प्रत्येक खणाला एक पुठ्ठ्याचं कार्ड, कार्डावर काय आलं, काय गेलं, कोणाकडे गेलं. मी विचारलं, "हे सगळं तुम्हाला पाठ असेल नाही?" तुम्ही दुखावलात. "पाठ असलं तं स्टोअर कशाला पाहिजे? मी गावाला गेलो, तिसऱ्या पाळीत मशीन बंद पडलं, नवीन पोऱ्या ड्युटीवर आहे. त्याला बेअरिंग भेटलं पाहिजे. मला न विचारता." शिरपूर सोडून तुम्हाला वीस वर्षं झाली, पण तुमच्या तोंडी वस्तू सापडायच्या नाहीत, भेटायच्या.

हेच तुम्ही फोटोंना लावलंत, आणि आपलं भांडण तिथून सुरू झालं.

दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला, पाठोपाठ स्कॅनर. लोखंडी ट्रंकेतले सगळे फोटो बाहेर निघाले. सिल्वासाच्या पावसाळ्यांनी निगेटिव्हची केव्हाच वडी करून टाकली होती, आणि छापील फोटोंतल्या निम्म्या नातेवाइकांना बुरशीच्या दाढ्या आल्या होत्या. तुम्ही एकेक फोटो कापसाने पुसून काचेवर पालथा घालायचात. तो दिवा इकडून तिकडे सरकायचा, आणि तुम्ही गाभाऱ्यात असल्यासारखे श्वास रोखून उभे.

मला काय, नवीन खेळणं मिळालं. स्कॅनरबरोबर एक अल्बमचा प्रोग्रॅम फुकट आला होता. काय तो अल्बम! मखमली मुखपृष्ठ, पान उलटलं की खरंच पान उलटल्याचा आवाज, कोपऱ्यात गुलाब, मागे सनई. फोटो त्यात टाकला की कसा लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा. तुम्ही माझ्या मागे उभं राहून पाच मिनिटं बघितलंत. मग चौकशी आयोग बसला.

"हा फोटो कुठे आहे आता?"

"अल्बममध्ये."

"अल्बम कुठे आहे?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"कॉम्प्युटरमध्ये कुठे?"

"आता काय त्याचं पोट फाडून दाखवू?"

"तेच विचारू राहिलो. बाकी कोणत्या प्रोग्रॅममधून दिसतो का हा?"

"कशाला दिसायला पाहिजे? इथे दिसतोय की, गुलाबासकट!"

"शैला, उद्या ह्या अल्बमवाल्यानं दुकान बंद केलं तं?"

"त्याचं दुकान अमेरिकेत आहे."

"मंग तं अजूनच लांब," तुम्ही म्हणालात, आणि चहा प्यायला निघून गेलात. स्टेजवर असला निर्गम जमायला लोकांना वर्षं लागतात.

तुमची पद्धत म्हणजे मात्र तुरुंगाचं रजिस्टर. प्रत्येक सालाचं एक साधं फोल्डर. फोटोचं नाव आठ आकडी: दोन आकडे सालाचे, दोन महिन्याचे, दोन तारखेचे, दोन त्या दिवसातल्या कितव्या फोटोचे. फोटोही अशा प्रकारात साठवायचा की कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही कंपनीच्या प्रोग्रॅममधून उघडेल. प्रत्येक फोल्डरमध्ये 'यादी' नावाची एक फाइल, अगदी साधी, तीही कुठेही उघडणारी. तिच्यात आकडा, ठिकाण, माणसं आणि शेवटी शेरा. हे सगळं इंग्रजी अक्षरांतलं मराठी. मी मराठीची बाई, मंडळाच्या नाटकांची दिग्दर्शिका. माझा जीव वर-खाली. "अहो, निदान देवनागरीत लिहा! माझ्याकडे इतका वळणदार फॉण्ट आहे." तुम्ही माझीच एक चिठ्ठी माझ्या वळणदार फॉण्टमध्ये टाइप करून कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर उघडून छापून आणलीत. त्या कॉम्प्युटरवर तो फॉण्ट नव्हता. कागदावर नुसते कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. "वाच," म्हणालात. मी नाट्यमय आवाजात वाचली सुद्धा. हरले असले तरी वाचन चांगलं झालं.

एकदाच मी तुम्हाला खरंखुरं चीत केलं. म्हटलं, "सालाचे दोनच आकडे ना? मग दोन हजार साली काय करणार? तुमचं शून्य-शून्य उठून ऐंशीच्या डोक्यावर बसेल!" तुम्ही चष्मा काढलात. तीन दिवस जेवताना बोलला नाहीत. चौथ्या दिवशी म्हणालात, "बघू. अजून वेळ आहे." आता तीन महिने उरलेत, आणि हा प्रश्न माझ्या गळ्यात टाकून तुम्ही निघून गेलात. मला जिंकलेला वाद नको होता हो. मला चौथ्या दिवसानंतरचं तुमचं उत्तर पाहिजे होतं.

अजून एक वेड तुम्हाला होतं, ते तर सगळ्या कॉलनीत गाजलं. स्कॅन झालेला फोटो परत ट्रंकेत ठेवायचाच नाही. फोटोत जो माणूस असेल त्याला तो नेऊन द्यायचा. "ज्याचा फोटो त्याच्या घरी जास्त टिकतो. तो रोज पुसतो." आठवड्याच्या सुट्टीला तुम्ही पिशवी घेऊन निघायचात, खानवेल, दुधनी, कारखान्याच्या चाळी. प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलने आकडा आणि शेरा. आणि वहीत सही! फोटो फुकट वाटायचा आणि वर सही घ्यायची, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वायरमन सोनवणे मला म्हणाले होते, "वहिनी, मला वाटलं भाऊ माझी बदली करू राहिले."

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. हा तुम्हाला सांगायचा राहिला.

गेल्या वर्षीचा मंडळाचा गणपती. मी ठरवलं, हॉलमध्ये कॉम्प्युटर नेऊन जुन्या फोटोंचा खेळ दाखवायचा. तुमचं शहाऐंशी ते एकोणनव्वदचं काम नुकतंच झालं होतं. ते चारही फोल्डर मी अल्बममध्ये भरले. प्रोग्रॅमने अतिशय नम्रपणे विचारलं, जागा वाचवण्यासाठी मूळ फोटो काढून टाकू का? एवढ्या नम्र माणसाला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं. मग फोल्डर रिकामेच वाटले, रिकामी पिशवी घरात कशाला म्हणून तेही पुसून टाकले. त्यांच्यात तुमच्या याद्या होत्या. चार वर्षांचे शेरे. मी ते वाचलेही नव्हते. त्यांच्या जागी मी माझ्या वळणदार फॉण्टमध्ये 'सोनेरी क्षण' वगैरे लिहून ठेवलं.

अजून संपलं नाही. तुम्ही त्या चार वर्षांच्या फ्लॉप्या करून डब्यात ठेवल्या होत्या, पुढच्या खेपेला वापीला नेऊन सीडी करायला. तो डबा मला नाटकाच्या वेळी सापडला. त्या सगळ्या मी पुसल्या, आणि प्रत्येकीवर नाटकाची संहिता भरून एकेका पात्राला एकेक फ्लॉपी दिली. पात्रांपैकी दोघांच्याच घरी कॉम्प्युटर होता. बाकीच्यांनी ती चहाच्या कपाखाली ठेवली.

खेळ मात्र झकास झाला. पान उलटल्याचा आवाज आला की पोरं टाळ्या पिटायची. तुम्ही मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होतात. घरी येताना मी विचारलं, "कसं झालं?" तुम्ही म्हणालात, "छान." एवढंच. मला वाटलं, सुटले.

तुम्ही गेल्यावर मीनलने पुण्याहून फोन केला. तुम्ही तिला दिलेल्या सीडीतलं सगळं तिने हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर उघडलं होतं, आणि रोज थोडंथोडं वाचत होती. फोनवर मलाही वाचून दाखवायला लागली. "आई, हे ऐक. 'मीनल, पहिला दात. दात दिसत नाही, पण आहे.' आणि हे, 'मंडळाचं नाटक, तिसरा अंक. शैला मेली आहे. एक डोळा उघडून प्रेक्षक मोजते आहे.'" आम्ही दोघी हसलो. मग तिने वाचलं, "'खानवेल, पुलावर. शैला. तोंड पलीकडे. कारण मी.'"

अठरा वर्षं माझ्यासमोर बसून जेवलेला माणूस, आणि बोलायचा कुठे, तर शेऱ्याच्या रकान्यात.

"आई, शहाऐंशी ते एकोणनव्वद सापडत नाही. ते पाठव ना."

मी अल्बम उघडायला गेले. पडद्यावर मखमल नाही, सनई नाही. एक करडी चौकट: एक वर्षाची फुकट मुदत संपली आहे, क्रमांक टाका. कोणता क्रमांक? चौकटीतल्या पत्त्यावर विचारायला वापीच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या हितेशला सांगितलं. त्याने दोन दिवस खटपट केली आणि म्हणाला, "मासी, ती कंपनीच बंद झाली. फोटा आत आहेत. पण सगळ्या एकाच मोठ्या फाइलमध्ये कोंबलेल्या, दुसऱ्या कशातून निघत नाहीत. पाटीलकाकांनी तर असं करायलाच नको होतं."

"त्यांनी नाही केलं," मी म्हटलं. हे वाक्य मी जोरात म्हटलं. तुमची बाजू घ्यायची ती माझी शेवटची संधी असेल असं वाटलं.

घरी येऊन तुमची मुख्य यादी उघडली, ज्यात कुठलं साल कुठे ठेवलं आहे ते आहे. ऐंशी ते पंच्याऐंशी: कॉम्प्युटर, सीडी एक, सीडी दोन. नव्वदपासून पुढे तसंच. आणि मधल्या ओळीत, तुमच्या स्टोअरच्या कार्डावर जसं लिहितात तसं: ८६ ते ८९, शैलाकडे.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. हरवलं लिहिलं नाहीत, मोडलं लिहिलं नाहीत. दिलेली वस्तू कोणाकडे आहे, एवढंच लिहून ठेवलंत, आणि मागितली नाहीत.

मग मी तुमची सह्यांची वही काढली आणि पिशवी घेतली.

अहो, काय सांगू, लोकांनी माझे काय हाल केले! चाळीतल्या बायका फोटो द्यायला तयार, पण "भाऊंनी सांगितलंय, सहीशिवाय कोणाला द्यायचा नाही." मी म्हणते, "मी भाऊंची बायको." त्या म्हणतात, "ते बरोबर आहे, पण सही." दुधनीला लाडकीबाईने तर कमाल केली. धरणाचं पाणी चढायच्या आधीचा तिच्या जुन्या घराचा फोटो तिच्याकडे आहे, नव्या घरात मधल्या खांबाला टांगलेला. तुम्ही वहीत तिचा अंगठा घेतला होतात. तिने आतून शाईचा एक वाळका पॅड आणला आणि माझ्यापुढे धरला.

"लाव गो आंगठा."

"लाडकीबाय, मला लिहिता येतं."

"तं मी वाचू कसा? आंगठा मला कळतो."

लावला. एम. ए. मराठी, अंगठा! ती खुश झाली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा मानूस पन असाच उभा होता, पावसात. फोटू काढला, मंग बोलला, दार लावून घे, नीट दिसल."

फोटोच्या पाठीवर तुमची पेन्सिल होती: 'दुधनी. लाडकीबाईचं घर. पुढच्या पावसात पाण्याखाली. निघताना तिने कडी घातली, ओढून पाहिली.'

मी बाहेर ओट्यावर बसले. समोर ते सगळं पाणी. कडी त्याच्याखाली कुठेतरी आहे, आणि ती घातली गेली होती हे जगात तीनच माणसांना ठाऊक, आता दोघींना. त्या दिवशी मला कळलं की मी चार वर्षांचे फोटो घालवले नव्हते. फोटो लोकांनी सांभाळले होते. मी तुमचं बोलणं घालवलं होतं.

तेव्हापासून रोज हेच करते. फोटो आणायचा, स्कॅन करायचा, आठ आकडी नाव, पाठीवरचा शेरा यादीत उतरवायचा, दोन ठिकाणी प्रत ठेवायची, फोटो परत नेऊन द्यायचा. नंदुरबार-शहाद्याकडे परत गेलेल्यांना पत्रं टाकली आहेत. निम्म्याहून जास्त गोळा झालं. कुठे पेन्सिल पुसट झाली आहे, तिथे मी तसंच लिहिते: वाचता येत नाही. 'सोनेरी क्षण' लिहायला हात शिवशिवतो, आवरते.

पण हे सगळं करताना माझं मन एकाच फोटोपाशी होतं. तुम्हाला ठाऊक आहे कोणत्या.

सत्त्याऐंशी साली मी मीनलला घेऊन नाशिकला निघून गेले होते. चार महिने. तिथे माझी नाटकाची मंडळी होती, शाळेत नोकरी मिळत होती, आणि इथे संध्याकाळी एक शब्द न बोलणारा नवरा होता. तुम्ही न्यायला आला नाहीत. पत्र नाही. एप्रिलमध्ये मी आपण होऊन परत आले, न कळवता. वापीपर्यंत एसटी, पुढे सिल्वासाची बस. खाली उतरले, खांद्यावर झोपलेली मीनल, हातात दोन पिशव्या, आणि समोर तुम्ही, डोळ्याला कॅमेरा लावून. कॅमेरा! पिशवी घेत नाही, पोरीला घेत नाही, फोटो काढतोय! मी तोंड फिरवलं. घरी आलो, तुम्ही भात लावलात, आणि बारा वर्षं तो विषय कोणी काढला नाही. तुम्हाला त्या बसचं कसं कळलं, हेही मी विचारलं नाही. माझ्या बहिणीवर संशय आहे, पण ती देवाची शपथ घेते.

तो फोटो मी अल्बममध्ये भरताना पाहिला होता. वर 'स्वागत!' लिहून भोवती फुलं काढली होती. तुमचा शेरा दोन बोटांच्या अंतरावर होता आणि मी तो न वाचता पुसला.

वहीत पाहिलं. तो फोटो तुम्ही मला दिला नव्हतात. बसस्टँडवरच्या चहावाल्या रमणभाईंना दिला होतात. कारण मागच्या बाजूला, माझ्या पिशवीच्या वर, किटली धरलेले ते दिसतात. नियम म्हणजे नियम.

परवा गेले. रमणभाईंनी बाकडं पुसलं. "बेसा बेन. स्टोअरवाळा भाई गेले ते ऐकलं. बहु सारा, एकदम चांगला माणूस." फोटो गल्ल्याच्या मागे होता. वाफेने वळतो म्हणून त्यांनी तो डिंक लावून प्लायवुडच्या तुकड्यावर चिकटवला होता. घट्ट, चारी कडांनी.

"रमणभाई, ह्याच्या पाठीवर काही लिहिलेलं होतं?"

"होतं ना. पेन्सिलथी. दोन लाइन."

"काय?"

"ते नाही वाचलं. फोटा तर पुढून बघायचा असतो ने, बेन?"

मी प्लायवुडच्या कडेला नख घालून पाहिलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, कपाटातून ब्लेड काढून दिलं. "काढा. तुमचाच आहे. फाटला तर फाटला."

अहो, मी ब्लेड लावलं होतं. वरच्या कोपऱ्याला. कोपऱ्यात आकाश होतं, त्याचा एक पापुद्रा निघालाही. आणखी दोन बोटं गेले असते तर मीनलचं डोकं आलं असतं, मग माझं फिरवलेलं तोंड. तुमच्या दोन ओळी वाचायच्या तर तुम्ही जे बघितलंत ते खरवडून काढायचं. हात थांबला.

"भाईंना त्या दिवशी कसं कळलं हो, मी येणार म्हणून?"

"ते नाही ठाऊक. दुपारथी बसले होते, तुम्ही बसलाय तिथेच. तीन कप चहा. वापीची बस आली, उठले, बघितली, बसले. दुसरी आली, उठले, बघितली, बसले. मला विचारलं, हवे पछीनी केटला वागे, पुढची किती वाजता? मी बोललो, अर्ध्या कलाकात, अर्ध्या तासात. तिसरीत तुम्ही."

मी ब्लेड परत दिलं. फोटो उसना मागितला, त्यांच्या वहीत सही केली. हो, त्यांनीही वही ठेवली आहे. घरी आणून प्लायवुडसकट स्कॅनरवर पालथा घातला. झाकण लागेना, म्हणून वर तुमचा पंचा टाकला. दिवा सरकला. कोपऱ्यातलं आकाश थोडं फाटलेलं आलं आहे, तसंच ठेवलं.

नाव आठ आकडी दिलं. यादी उघडली. साधी फाइल, इंग्रजी अक्षरं, मला न विचारता कोणालाही वाचता येईल अशी. ठिकाण: सिल्वासा, बसस्टँड. माणसं: शैला, मीनल, रमणभाई. फोटो काढणारा: बाकड्यावर. मग शेऱ्याचा रकाना आला. तुमचं जे होतं ते मला मिळणार नाही. म्हणून माझं लिहिलं:

'वापीला दोन बस मुद्दाम सोडल्या. तुम्ही नसाल, ह्याची भीती वाटली.'